खोल वळणावर अडलेलं पाणी

११ मे

ही वही नावाड्यांच्या संघाने दिली आहे. कोणतं जनावर कुठे दिसलं ते रोज लिहायचं, असं शिकवायला आलेल्या बाईने सांगितलं होतं. चौदा नावाड्यांना चौदा वह्या मिळाल्या. सेलेलोने आपल्या वहीची पानं तंबाखू वळायला वापरली. मी चौथीपर्यंत शिकलो आहे, त्यामुळे माझ्याच्याने कागद जाळवत नाही. पण जनावरं लिहायची तर नाव पाण्यात हवी, आणि माझी नाव दोन महिने धक्क्याजवळ वाळूत पालथी पडली आहे. म्हणून मनात येतं तेच लिहितो.

वरच्या डोंगरांतला पाऊस जानेवारीत पडून गेला. तो चालत चालत मे महिन्याच्या मध्यावर आमच्या कोमाना गावाला लागतो. आमच्याकडे हे थंडीचे दिवस; आकाशात ढगाचं नाव नसतं, अंगावर घोंगडी असते आणि वाळूतून पाणी येतं. साठ वर्षं पाहतो आहे, तरी दरवर्षी ते येईपर्यंत मी रोज पात्रात जाऊन वाळू चाचपतो. यंदा मी सगळ्यांना सांगून बसलो आहे की पंचवीस तारखेच्या आत येईल. सांगायला नको होतं.

१३ मे

माउन शहरातून पर्यटन कंपनीचे मोदिसे साहेब आले. त्यांनी गाडीतून उतरून कोरड्या पात्राकडे पाहिलं आणि विचारलं, "धक्का कुठाय?"

"तुम्ही उभे आहात तोच," गाओने म्हणाली.

गाओने माझ्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही नऊ वर्षांची होती. आमच्या लोकांत स्वतःच्या मुलाआधी बहिणीचं लेकरू, त्यामुळे माझी नाव आणि ती ढकलायची काठी माझ्यामागे तिचीच. गेल्या वर्षी तिने नावाड्याचा परवाना काढला. आमच्या घरात असा कागद तिच्याआधी कुणाकडे नव्हता.

साहेबांनी सरळ सांगितलं. पाहुणे जुलैपासून येतात. पंधरा जूनपर्यंत धक्क्याला पाणी लागलं नाही, तर कंपनी आपला तळ पश्चिमेच्या गावाला नेणार. तिथे पाणी पोचलं आहे म्हणे.

साहेब गेल्यावर गाओने चुलीपाशी बसून म्हणाली, "मामा, तळ हलला तर मी फ्रान्सिसटाउनला जाईन. मैत्रीण कोंबडी तळायच्या दुकानात आहे. जागा आहे म्हणते."

मी म्हटलं, "पाणी येतंय."

ती म्हणाली, "मी कुठे नाही म्हटलं?"

१९ मे

रेडिओवर सांगितलं की वर सरहद्दीपाशी यंदाचं पाणी गेल्या वर्षीपेक्षा हातभर जास्त आहे. रेडिओवाल्यांना काय कळतं. जास्त असतं तर आलं नसतं का? मला वाटतं, वरच्या गावांनी कुठेतरी चर खणले असावेत. माणसं हल्ली लोभी झाली आहेत.

संध्याकाळी गाओनेने एकदम विचारलं, "मामा, तो पाणघोड्याचा अर्ज तुम्ही कोणत्या महिन्यात लिहिला होता?"

मला बरं वाटलं. त्या अर्जाची आठवण आता फारसं कुणी काढत नाही. खोल वळणावर एक नर पाणघोडा असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचा म्हणून आम्ही त्याला पोलीस म्हणायचो. गेल्या ऑगस्टमध्ये त्याने माझी जुनी नाव मधोमध चावली. मी लव्हाळ्याला धरून राहिलो म्हणून आज हे लिहितो आहे. त्याच आठवड्यात मी वन्यजीव खात्याला दीड पानाचा अर्ज लिहिला. सगळ्यांनी त्याच्यावर अंगठे उठवले. खात्याचे दोघे बंदूक घेऊन आले आणि काम झालं. तीन दिवस गाव मांस खात होतं. त्याच्या दोन माद्याही मग वळण सोडून गेल्या. तेव्हापासून तिथे इतकी शांतता आहे की डिसेंबरात गेलो तर दोन्ही काठांची हिरवळ एकमेकींना भेटायला आली होती. काठी टेकवायला जागा नाही, इतकं दाट आणि सुंदर.

हे सगळं मी तिला सांगितलं. मग उठून तिने मला साय घालून चहा दिला. इतकी साय ती कधी देत नाही.

२५ मे

आज तारीख. पाणी नाही.

बायका सुकलेल्या डबक्यांतून कमळाचे कंद खणत आहेत. एरवी कमरेइतक्या पाण्यात पायांनी चाचपून काढायचे, ते आता कुदळीने.

दुपारी पात्रात हत्तिणींचा कळप आला. मी झाडाआड बसून होतो. म्हातारीने एका जागी पायाने वाळू उकरली, मग सोंडेने ओंजळ ओंजळ बाहेर टाकली. माझ्या खांद्याइतका खोल खड्डा झाला. तळाशी पाणी पाझरेपर्यंत ती उभी राहिली, आणि तिच्यामागे अकरा जणी रांगेने उभ्या राहिल्या. कुणी ढकललं नाही. म्हातारी प्यायली आणि बाजूला झाली. पिल्लाची सोंड तळापर्यंत पोचेना, तेव्हा तिने परत येऊन त्याच्या तोंडात पाणी सोडलं. हे सगळं मी पंचवीस पावलांवरून पाहिलं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती आणि डोळ्यांना पाणी आलं होतं. मला तहान लागली होती की आणखी काही, ते सांगता येत नाही.

जाताना म्हातारीने सोंड वर करून उत्तरेचा वास घेतला. बराच वेळ घेतला. तिला कशाचा वास येत होता कोण जाणे.

३१ मे

गावच्या कोसीने, म्हणजे आमच्या मुखियाने, मोठ्या झाडाखाली सभा बोलावली. नेहमीप्रमाणे स्टुलं आपापली न्यायची. मला पहिल्यांदा बोलायला लावलं. मी म्हटलं, वर पाऊस कमी झाला असेल, किंवा कुणी चर खणले असतील, किंवा आपलं काही चुकलं असेल, देव जाणे.

सेलेलो उठला. "चुकलं तर आहेच. तो पोलीस गेला तेव्हापासून मी बघतोय..."

तो एकदम थांबून खाली बसला. मी पाहिलं, शेजारी बसलेल्या गाओनेने त्याच्या पायावर पाय दिला होता, टाचेने. वडीलधाऱ्या माणसाला असं करणं शोभत नाही. घरी आल्यावर मी तिला तसं बोललो. ती म्हणाली, "चुकून पडला, मामा." पण पाय चुकून पडला तर माणूस उचलतो. हिने दाबून ठेवला होता.

मग म्हणाली, "तीन तारखेला आपण वर चालत जाऊ. खोल वळणापर्यंत. तुमच्या डोळ्यांनी बघा."

मला जायचं नाही. वाटेत म्हशी असतात. गुडघाही दुखतो. पण नाही म्हटलं तर ती फ्रान्सिसटाउनला जाईल असं उगाच वाटतं.

३ जून

दमलो आहे, तरी आजच लिहायला हवं.

उजाडता उजाडता निघालो. तिच्या खांद्यावर कोयता, माझ्या हातात काठी. कोरड्या पात्रातून दोन तास चाललो. खोल वळणाच्या अलीकडे आधी आवाज आला. जत्रेतला वाटावा असा, पण माणसांचा नव्हता. मग वास आला, ओल्या मातीचा, मासळीचा, कुजक्या गवताचा. मी गाओनेचा दंड धरला.

समोर पात्रभर लव्हाळ्याची भिंत होती, माझ्या दुप्पट उंच. अलीकडे वाळू कोरडीठाक. आम्ही बेटावरच्या वाळवीच्या वारुळावर चढलो. वारूळ झोपडीएवढं आहे. गाओने पुढे चढली आणि वर जाऊन नुसती उभी राहिली. मला हात द्यायचंही तिला सुचलं नाही.

भिंतीपलीकडे पाणी होतं. आमच्या वाळूपेक्षा छातीभर उंच पाणी, गवताच्या आधाराने उभं. दृष्टी जाईल तिथवर आकाश खाली येऊन निजलं होतं. त्यात ताडाची झाडं कमरेपर्यंत बुडाली होती. पाणी पश्चिमेकडे वळत होतं, घाई न करता, गवताच्या एकेका पात्याला बाजूला सारत. त्याच्या पुढच्या कडेला पांढरा फेस, आणि फेसावर मुंग्यांचे गोळे, किडे, नाकतोडे, सगळं बिऱ्हाड निघालं होतं. त्यांच्यावर करकोचे तुटून पडले होते. शेकडो. तोच जत्रेचा आवाज. उथळ पाण्यातून तांबडी हरणं उड्या मारत जात होती, आणि प्रत्येक उडीमागे पाण्याचा पिसारा उठत होता. एक मत्स्यगरुड ओरडला तेव्हा सगळं क्षणभर गप्प झाल्यासारखं वाटलं.

आपलं पाणी दुसऱ्याच्या दारी चाललंय हे मला कळत होतं. तरी पाय हलेनात. इतकं सुंदर मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि ते आमच्या नुकसानीचं होतं.

मग मी खाली पाहिलं. पोलीस रोज संध्याकाळी पाण्यातून ज्या वाटेने चरायला जायचा, तो चर वरून अजून ओळखू येत होता. अर्ध्या नावेएवढा रुंद. त्याच्या पोटाने आणि पायांनी वर्षानुवर्षं मोकळा ठेवलेला. आता तो चर लव्हाळ्याने काठोकाठ भरला होता. डिसेंबरात एकमेकींना भेटायला आलेली हिरवळ.

मी वारुळावरच बसलो.

गाओनेने डबा उघडून ज्वारीची घट्ट पेज माझ्यापुढे केली. मी म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"डिसेंबरपासून शंका होती."

"मग बोलली का नाहीस?"

"मामा, तुम्ही तो अर्ज मला चार वेळा वाचून दाखवला होता," ती म्हणाली.

४ जून

आज काही लिहीत नाही.

५ जून

सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, पाणी वर आहे, भरपूर आहे. खोल वळण गवताने बुजलं आहे, कारण ते मोकळं ठेवणारा आपण मारला. अर्ज मी लिहिला होता.

मला वाटलं, आता मला गावाबाहेर काढतील. मग कोसी म्हणाले, "ओत्सिले, लिहिलं तू. अंगठे आमचे आहेत. आणि मांस सगळ्यांनी खाल्लं. मला तर जिभेचा तुकडा मिळाला होता."

"मला नुसतं शेपूट," सेलेलो म्हणाला. "म्हणजे माझा गुन्हा लहान."

हसले सगळे. मग कोसींनी विचारलं, किती कोयते आहेत. एकोणीस निघाले.

माझ्या आज्याने नावेतून भाल्याने पाणघोडे मारले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण तो वळणावरच्या नराला हात लावत नसे, असं माझी आई सांगायची. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या वयात मला वाटायचं, तो घाबरत असेल.

९ जून

चार दिवस कापतो आहोत. पहाटे पाण्याला हात लावला की हाडात कळ जाते. बायका काठावर शेकोट्या करून बसतात, चहा देतात. मी भिंतीच्या कडेला बसून कापतो. मधे उतरायला मला गाओने देत नाही.

"ओत्सिले, तुझा कोयता गवताला गुदगुल्या करतोय," सेलेलो ओरडतो.

"तू तुझं बघ. तू कापलेलं मागे पुन्हा चिकटतंय."

खरंच चिकटतं. लव्हाळ्याच्या मुळ्या तळाला नसतात, एकमेकीत असतात. दिवसभर वीस पावलं कापावं, तर रात्रीतून मागचं पाणी पंधरा पावलं पुन्हा ढकलून दाबून बसवतं. गाओनेने काठीने मोजलं. अजून चाळीस पावलं बाकी आहेत आणि सहा दिवस.

माणूस कापतो तिथे पुन्हा गवत येतं. जनावर रोज जातं तिथे येत नाही. इतकं साधं. चौथी शिकलेल्याला कळायला हवं होतं.

१० जून

सकाळी पहिले चौघे पाण्यात उतरले होते, तेवढ्यात पलीकडे पाणी फुगलं. वाऱ्याने नव्हे. आधी कान दिसले, मग डोळे, मग नाकपुड्यांतून उडालेला फवारा उन्हात रंगीत झाला. तरणा नर होता. पुराबरोबर वरून आला असणार. आम्हाला बघून त्याने तोंड उघडलं. तसल्याच तोंडात मी गेल्या वर्षी माझी नाव पाहिली आहे. मी काठावर होतो, कोरड्या जागी, तरी माझ्या विजारीत ओल आली. हे कुणाला सांगितलेलं नाही, वहीलाच सांगतो.

चौघे बाहेर पळाले. लोक पत्रे बडवायला लागले. सेलेलो म्हणाला, "फटाके आणा. हाकला त्याला. पाच दिवस राहिलेत, हा इथे बसला तर कापणार कोण?"

मी म्हटलं, "पत्रे बंद करा."

"काय?"

"बंद करा आणि सगळे घरी चला. शेकोट्या विझवा."

सेलेलो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्हाताऱ्या, आधी तूच मारायला लावलास. आता तूच ओवाळायला निघालास. एकदा ठरव. आणि नाही गेला तो गवतातून, तर? उलटा फिरला तर? पोरीची जागा जाईल, माझीही."

मी गाओनेकडे पाहिलं. फ्रान्सिसटाउनला जावं लागणार तिला, नुकसान तिचं. ती पाणघोड्याकडे बघत होती, पाण्यात पहिल्यांदा काठी टाकताना बघायची तशी. मग तिने वाकून कोयता पुसला आणि म्यानात घातला.

तेवढं बघून बाकीचे उठले.

१२ जून

दोन दिवस कुणी वर गेलं नाही. मी जेवलो नाही. गाओने म्हणाली, "तुम्ही उपास केल्याने तो जास्त चरणार आहे का?"

आज पहाटे ती आणि मी वारुळाकडे गेलो. लांबूनच आवाज निराळा होता. पाण्याचा.

आम्ही अर्धवट कापलेल्या जागेतून तो गेला होता. एकदा नव्हे, पुष्कळदा, चरायला अलीकडे आणि डुंबायला पलीकडे. चाळीस पावलांची भिंत मधोमध फाटली होती, आणि घराएवढा गवताचा तराफा सुटून बाजूला काठाला लागला होता. त्या फटीतून पाणी काचेसारखं जाड होऊन खाली उतरत होतं. पलीकडे तो उभा होता, पाठीवर दोन बगळे, कानांची उघडझाप करत. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. त्याने आमच्यासाठी काही केलं नव्हतं. तो जेवायला गेला होता.

मी डोक्यावरची टोपी काढली. गाओनेनेही रुमाल सोडला.

१५ जून

पाणी माणसापेक्षा सावकाश चालतं. वाळू आधी पिते, मग पुढे जाऊ देते. तीन दिवस मी त्याच्याबरोबर चालतो आहे. दहा पावलं जातो, बसतो, ते येऊन पोचलं की उठतो. कोरड्या शेणात शिरतं, हत्तींच्या पावलात उतरून ते भरेपर्यंत थांबतं, मग पुढचं पाऊल शोधतं. त्या म्हाताऱ्या हत्तिणीने खणलेला खड्डा भरायला त्याला माझ्या दोन चिलमी लागल्या. वाळूखालून बुडबुडे येतात, चिखलात निजलेले मागूर मासे जागे होऊन शेपट्या आपटतात. गावातली पोरंठोरं, बायका, कुत्री, सगळी त्याच्या दोन्ही बाजूंनी चालतात, आणि आवाज कुणी मोठा करत नाही.

दुपारी मोदिसे साहेबांची गाडी धक्क्यावर आली. धक्का कोरडा. पाणी अजून हाकेवर होतं, पण हाकेला साधारण एक दिवस लागणार. गाओने धावत गेली. तिने त्यांना काय सांगितलं माहीत नाही. ती त्यांना हाताला धरून घेऊन आली, बूट घातलेल्या माणसाला वाळूतून ओढत.

साहेब पाण्याच्या टोकाशी येऊन उभे राहिले. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग खाली पाहिलं. पाण्याची जीभ त्यांच्या बुटापुढे बोटभर सरकली, थांबली, एक सुकलेलं पान उचललं आणि वळली. साहेब उकिडवे बसले. नंतर फतकल मारूनच बसले.

"मी माउनचा," बऱ्याच वेळाने ते मला म्हणाले. "आमच्याकडे पाणी येतं ते पुलावरून बघतो. सकाळी उठलं की आलेलं असतं."

मी म्हटलं, "आज तारीख आहे, साहेब."

"बघतोय मी, बाबा," ते म्हणाले. "गप्प बसा जरा."

सूर्य बुडेपर्यंत ते तिथेच होते. रात्री आमच्याकडे कंदांची आमटी आणि मासा खाल्ला. तळाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला झोप येणार नाही.

१६ जून

चहाच्या वेळेला पाणी धक्क्याला लागलं. साहेबांनी कागद काढून जुलैच्या पाहुण्यांची यादी वाचली आणि गाओनेचं नाव दुसऱ्या नावेपुढे लिहिलं. पहिल्या नावेपुढे माझं लिहायला गेले.

मी म्हटलं, "तिथे तिचं लिहा. दुसरीत मी."

गाओने म्हणाली, "मामा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का?"

पुढची नाव वाट ठरवते. पाणघोडा आधी तिला भेटतो.

६ जुलै

आज पहिले पाहुणे. गाओनेच्या नावेत नवरा-बायको, माझ्या नावेत त्यांचं सामान. रात्रभर मी कूस बदलत होतो. तिला पुढे बसवून मी माझ्या बहिणीच्या लेकराला त्या तोंडात घालतो आहे, असं सारखं वाटत होतं. साहेबांना सांगावंसं वाटलं की यादी बदला. सांगितलं नाही.

खोल वळणापाशी, आम्ही आलो हे पाणघोड्याला कळावं म्हणून, तिने नावेच्या बाजूवर काठी दोनदा वाजवली आणि थांबली. पाणी तेलासारखं संथ आणि स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती. पाहुणी बाई हसत काही म्हणाली, गाओनेने नुसता हात वर केला. बाई गप्प झाली.

तो नावेपासून तीस पावलांवर वर आला. वाटेच्या बरोबर मधोमध. आता तो चांगला भरला आहे. त्याने आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्याच्याकडे. ओरडावं, मागे घे म्हणून सांगावं, असं तोंडाशी आलं होतं.

गाओनेने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. एरवी अडचण आली की ती बघते. तिने काठी तळाला रोवली, तिच्यावर भार टाकला आणि उभी राहिली, जणू सगळी दुपार तिचीच आहे. पाण्यावर पसरलेल्या पानांवरून कमळपक्षी चालत गेला. उन्हाने लव्हाळ्याची सावली नावेच्या टोकावरून मधल्या फळीपर्यंत आणली. पाहुण्याने कॅमेरा उचललाच नाही. तो मांडीवर धरून बसला होता.

मग पाणघोड्याने श्वास सोडला, बुडाला, आणि पाण्याखालची ती काळी सावली त्याच्या वाटेने पश्चिमेला चालत गेली. आम्ही ती जाताना पाहिली. तळावरची वाळू धुरासारखी उठली आणि हळूहळू बसली.

वाट मोकळी होती. तरी गाओने हलली नाही. आणखी थोडा वेळ तिने त्याला दिला. मग काठी उचलली.